सुरण मागायचं ते आपल्या तोंडानं

माझ्या वडिलांचं नाव सावळीराम. पण पंचवटीत या नावानं त्यांना कोणी ओळखायचं नाही. ‘सुरणवाले नाना कुठं राहतात’ असं विचारलं, की कोणताही रिक्षावाला माणसाला मखमलाबाद रोडनं थेट आमच्या मळ्यातल्या विहिरीपर्यंत आणून सोडायचा. आणि सोडताना हसायचा. कारण आमच्याकडं येणाऱ्याला काय झालंय आणि कुठं झालंय, हे न विचारता कळायचं. मूळव्याधीशिवाय दुसऱ्या कशासाठी कोणी आमच्या विहिरीवर येत नव्हतं.

लोक अजून मला भेटले की नानांचं कौतुक सांगतात. काय हाताला गुण होता, काय माणूस होता, एक पैसा घेतला नाही. मी ऐकून घेते. खोटं नाही त्यातलं काहीच. पण ऐकता ऐकता माझं डोकं फिरतं, ते का फिरतं हे एकदा सगळं सांगून टाकावं म्हणते.

आमचा मळा पालेभाज्यांचा. मेथी, कोथिंबीर, पालक, थोडा फ्लॉवर. पहाटे नाना जुड्या घेऊन पंचवटीच्या बाजारात जायचे, आधी सायकलवर, नंतर एम-एटी घेतली तिच्यावर. विहिरीच्या मागं, जिथं पाटाचं पाणी झिरपायचं, तिथं सुरण लावलेलं होतं. पावसाळ्यात एकेक ठिपक्यांचा दांडा वर यायचा आणि त्यावर छत्रीसारखं एकच पान पसरायचं. हा बाजारात मिळतो तो भाजीचा गोडा सुरण नव्हे. हा रानातला, खाजरा. नुसता हात लागला तरी कोपरापर्यंत खाज सुटणार. पुंजाबाबा म्हणून पेठ तालुक्याकडचा एक म्हातारा आमच्या मळ्यात मजुरीला यायचा, त्यानं हे गड्डे आणून लावले आणि जाताना नानांना औषध शिकवून गेला. सोबत नियमही देऊन गेला. औषध रविवारीच द्यायचं. पैसे घ्यायचे नाहीत. आणि ज्याला आजार आहे त्यानं स्वतः यायचं, स्वतःच्या तोंडानं मागायचं. दुसऱ्याच्या नावानं नेलेलं सुरण लागू पडत नाही.

हा शेवटचा नियम नानांनी जिवापाड पाळला. तुम्ही म्हणाल अंधश्रद्धा. नाना म्हणायचे, “हा लाजेचा आजार हाय. ज्याला मागायची लाज वाटती, त्याच्याच्यानं पथ्य होत नाय. तोंडातून एकदा निघालं ना, अर्धा आजार तिथंच गेला.” मला ते तेव्हा पटायचं. अजूनही पटतं, म्हणून तर जास्त संताप होतो.

केरू रिक्षावाल्याची गंमत सांगते. तो पहिल्यांदा आला तो मेव्हण्यासाठी. मेव्हण्याला फार त्रास आहे, बिचारा बसू शकत नाही, असं सांगताना हा स्वतः एका कुशीवर कलंडून बसलेला. नाना म्हणाले, “मेव्हण्याला घेऊन ये.” पुढच्या रविवारी परत आला, म्हणे मेव्हणा गावाला गेलाय. नाना म्हणाले, “येऊ दे मग.” तिसऱ्या खेपेला आला तेव्हा रांगेत गुपचूप बसला आणि नंबर आल्यावर खालच्या आवाजात म्हणाला, “नाना, मेव्हणा मीच.” त्यानंतर आठवडाभर आमच्या घरात कोणाला काही दुखलं की आम्ही मेव्हण्याला दुखतंय म्हणायचो.

नानांची द्यायची पद्धतही ठरलेली. शेवग्याखाली एका दगडावर बसायचे, मान खाली. समोर आलेल्याच्या तोंडाकडं बघायचेच नाहीत. तोंडाकडं बघितलं की माणूस लाजतो आणि लाजला की खोटं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. समोरच्यानं हात पुढं करायचा, नाना त्याची बोटं धरून नखं बघायचे आणि तीन गोष्टी विचारायचे. कोणाला आहे? कधीपासून आहे? घरच्यांना सांगितलं का? घरच्यांना सांगितलं नसलं तर चांगले रागवायचे. “घरात सांगा. तुमच्या ताटात तिखट कोण वाढतं? तेच वाढतात ना? मग त्यांना नको का कळायला?” नखं गुलाबी असली तर सुरण मिळायचं. नखं पांढरी फटक असली तर मिळायचं नाही. “रक्त लय गेलंय. हे माझं काम नाय, आधी डॉक्टरकडं जा,” म्हणून हात सोडून द्यायचे. त्यांच्या त्या सांगण्यानं वेळेत दवाखाना गाठलेले लोक मला माहीत आहेत. हे मी मान्य करते.

आता औषध तयार कोण करायचं ते सांगते. शनिवारी माझी आई गड्डे काढायची. हाताला तेल लावून साल तासायची, चिंचेच्या पाण्यात ठेवायची, मग त्यावर ओली माती थापून गोवऱ्यांच्या आरात पुरायची. रविवारी सकाळी भाजलेली माती फोडून आतला मऊ गर काढायचा, त्यात सैंधव आणि ताक घालून गोळे करायचे, पानांवर मांडून शेवग्याखाली नेऊन ठेवायचे. तेल कितीही लावलं तरी तिचे हात मनगटापर्यंत लाल व्हायचे. खाज आईच्या हाताला आणि गुण नानांच्या हाताला.

आईचं नाव लंकाबाई. ती आणि नाना एकमेकांशी बोलत नसत. भांडण नव्हतं हो. रीत होती. ती लग्न होऊन आली तेव्हा घरात सासू, सासरे, दोन चुलत सासरे. त्यांच्यासमोर नवऱ्याशी बोलायचं नाही. मग आम्ही झालो आणि निरोप न्यायला माणसं मिळाली. म्हातारी माणसं एकेक करून गेली, पण बोलायचं राहिलं ते राहिलंच. “प्रतिभा, नानाला म्हणावं जेवायला बसा.” नाना तिथंच, दोन हातांवर. “प्रतिभा, तिला म्हणावं मोटर बंद कर.” ती त्याच्याही जवळ. मी मधे उभी, पोस्टातल्या पेटीसारखी. माझा धाकटा भाऊ ज्ञानेश हुशार, तो निरोप विसरायचा, म्हणून सगळं काम माझ्यावर. माझा नवरा मला चिडवतो, मग तुम्ही दोघं भावंडं कशी झालात? मी म्हणते, तेवढा निरोप कोणी नेला नसेल.

मी दहावीत असताना मला आईचं कळलं. ती उभ्यानं जेवते, जुड्या बांधताना सारखी कूस बदलते, हे मी बघत होते, पण लहानपणापासून जे बघतो त्यात वेगळं काही वाटत नाही. एकदा ती विहिरीमागं आपलं लुगडं धूत होती आणि पाटाला लाल पाणी आलं. मी म्हटलं, हे काय? ती म्हणाली, बायकांचं असतं. मी म्हटलं, बायकांचं मला कळतं, हे रोजचं आहे. तेव्हा ती खाली बसली आणि बोलली. ज्ञानेश झाला तेव्हापासून आहे म्हणाली. म्हणजे तेव्हाच तेरा-चौदा वर्षं झालेली.

मी उठलेच, नानांकडं जायला. तिनं माझा परकर धरला. “नानाला सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील.”

ही असली शपथ वाईट. विश्वास नसला तरी मोडवत नाही. आणि घालणारी बाई दिवसेंदिवस पिवळी पडत असली, मग तर विचारूच नका.

मी तिला खूप समजावलं. म्हटलं, तू स्वतः सुरण भाजतेस, एक गोळा तोंडात टाक ना. म्हणाली, खाल्लाय की. किती वर्षं खाते. आपल्या हातानं उचलून खाल्लेलं लागू पडत नाही, त्यांच्या हातून आलं पाहिजे. मी म्हटलं, सुरणाला काय कळतंय कोणाचा हात? “तुला नाय कळायचं.” बरं, मग माग त्यांच्याकडं. तर कानाला हात लावला. नवऱ्याला असलं सांगायचं? ज्या बाईनं वीस वर्षांत ‘मीठ कमी आहे का’ एवढंसुद्धा त्यांना तोंडानं विचारलं नव्हतं, तिनं पहिलं वाक्य हे बोलायचं? माझ्या निरोपानं काम झालं असतं तर कदाचित तिनं मला पाठवलंही असतं. पण निरोपानं मागितलेलं सुरण नाना देत नव्हते. आमच्या घरात सगळं दुसऱ्याच्या तोंडानं चालायचं आणि औषध तेवढं आपल्या तोंडानं मागायचं. यातून बाहेर पडायला वाट कुठं होती, सांगा.

त्यात नानांचा ठेचा. मिरची आणि लसणाचा हिरवागार ठेचा त्यांना दोन्ही वेळेला लागायचा. भाजीसुद्धा त्याच चवीची. रांगेतल्या प्रत्येकाला सांगायचे, तिखट सोडा, ताक प्या, आणि घरात येऊन भाकरीवर ठेचा घ्यायचे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. आई तेच खायची. वेगळं शिजवलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं, का? म्हणून ती वेगळं शिजवायची नाही.

मी आडून आडून बोलून बघितलं. म्हटलं, “नाना, रांगेतल्या लोकांना विचारता तसं घरच्या माणसांनाही विचारत जा कधी.” नाना ठेचा पुसून घेत म्हणाले, “आपल्या घरात काय धाड भरलीय? सगळी धडधाकट हायेत.” आई चुलीपुढं बसलेली. तिनं माझ्याकडं असं बघितलं की माझा घास तोंडातच राहिला.

शेवटी मी बारावीत असताना एका रविवारी स्वतःच रांगेत बसले. ठरवलंच होतं, खोटं बोलायचं. एकदा त्यांच्या हातून गोळा मिळाला की ओढणीआड लपवून आईला द्यायचा, पुढचं पुढं. नंबर आला. मी हात पुढं केला.

“कोणाला?”

“मला.”

नानांनी आवाज ओळखला, पण मान वर केली नाही. माझी बोटं धरली, नखांवर अंगठा फिरवला. माझी नखं डाळिंबाच्या दाण्यासारखी. म्हणाले, “तुला काय झालेलं नाय. कोणासाठी मागतीस?”

मी हात मागं ओढला. शपथ आड आली.

“मैत्रीण हाय का कोणी? तिला म्हणावं, लाजू नको, स्वतः ये. मी काय खातो का तिला?” आणि पुढच्या माणसाला हात कर म्हणाले.

एवढ्या जवळ आले होते हो. अजून एक प्रश्न विचारला असता तर मी सांगून मोकळी झाले असते, शपथ गेली असती खड्ड्यात. पण त्यांचे प्रश्न तीनच, चौथा त्यांना सुचायचा नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो माझ्या बापानं दर रविवारी घातला.

पुढं माझं लग्न झालं. मी सिन्नरला गेले, नवरा तिथल्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला. ज्ञानेश शिकायला पुण्याला गेला. मग निरोप कोण नेत असेल, या विचारानं मला सासरी झोप लागायची नाही. शेजारच्या भागीबाईला विचारलं तर म्हणाली, “अगं, आता ते भिताडाशी बोलत्यात. नाना भिताडाला सांगतो आणि तुझी आई ऐकती.”

नव्व्याण्णव साली आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी आले. आईला बघितलं. ओठ पांढरे. पुरण वाटताना दर दोन हातांनी थांबायची आणि धापा टाकायची. सणाच्या दुसऱ्या दिवशी कोथिंबिरीच्या जुड्या बांधता बांधता ती वाफ्यात आडवी झाली. मी पाणी मारलं, कांदा फोडून हुंगवला. नाना धावत आले, पाच पावलांवर उभे राहिले आणि मला म्हणाले, “तिला म्हणावं, उन्हात बसू नको. ऊन लय हाय यंदा.”

उन्हाचं म्हणे. लोकांची नखं बघून रक्त सांगणारा माणूस, आणि बायको मातीत पडलीये ती उन्हानं.

त्या दुपारी मी आईला आत नेऊन निजवलं आणि म्हटलं, तू आज सांग. ती म्हणाली, शपथ. मी म्हटलं, ठीक आहे, तुझी शपथ मी पाळते. पण आजपासून मी तुझा एकही निरोप नेणार नाही. तुझाही नाही आणि त्यांचाही नाही. जेवायला बसा नाही, मोटर बंद करा नाही, काहीच नाही. बघू किती दिवस चालतं.

तिला वाटलं, मी रागानं बोलते. पण मी पण तिचीच मुलगी.

संध्याकाळी नाना म्हणाले, “प्रतिभा, तुझ्या आईला विचार, डाळ संपली का.”

“तुम्ही विचारा.”

नानांनी माझ्याकडं बघितलं. वाटलं, आता विचारतील. तर ते ओट्यावरच्या कुत्र्याकडं वळले आणि म्हणाले, “डाळ संपली आसंल तर मी उद्या बाजारातनं आणतो.” कुत्र्यानं कान हलवला. आतून आई म्हणाली, “मोत्या, संपलीय.”

काय करावं अशा माणसांना? मी काम सोडलं तर त्यांनी कुत्र्याला कामाला लावलं. दोन-तीन दिवस असंच चाललं. मोत्या, जेवण झालंय. मोत्या, विहिरीचा दोर बदलायला झालाय. मोत्याला बिचाऱ्याला वाटायचं भाकरी मिळेल, तो एकदा इकडं बघायचा, एकदा तिकडं. हसू यायचं आणि हसता हसता डोळ्यांत पाणी यायचं, इतका माझा चडफडाट व्हायचा.

शनिवारी आई नेहमीसारखी सुरणाला माती थापत बसली. थापता थापता मधेच भिंतीला टेकायची. मी गोवऱ्या रचत होते. माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हटलं, “आई, एवढं कर, हे पण मोत्याच्या कानात सांग. तो शपथ मोडील. आणि नाही सांगितलंस तर एक दिवस तू मरशील, आणि तुझा दहावा झाला की हा माणूस रविवारी त्याच दगडावर बसून लोकांना विचारील, घरच्यांना सांगितलं का म्हणून. त्यांना कधी कळणारसुद्धा नाही. तुला हे चालेल का?”

तिनं गड्ड्यावरची माती सारखी केली, दुसरा गड्डा घेतला. मी चिडून उठून गेले. मला वाटलं, झालं, या बाईपुढं देवानंही हात टेकले.

रविवारी सकाळी तिनं गोळे केले, पानं मांडून शेवग्याखाली ठेवली. मी विहिरीवर कपडे धूत होते. रांग बरीच होती, सुट्टीचे दिवस. मुंबईनाक्याकडचे दोन-तीन जण, एक मास्तर, भागीबाईची कोणी पाहुणी. भागीबाई स्वतः तिच्यासोबत आलेली, तीच एकदम माझ्याकडं आली आणि कोपरानं ढोसून म्हणाली, “ती शेवटून तिसरी कोण गं? तुझी आई का?”

मी बघितलं. आई मागच्या दारानं निघाली होती, मळ्याला वळसा घालून फाटकातनं आत आली होती, येणारी माणसं येतात तशी. धुवट लुगडं नेसलेली, पदर नाकापर्यंत ओढलेला. पोत्यावर एका कुशीवर बसली होती. मी हातातला कपडा पाण्यात सोडून दिला. जवळ गेले नाही. मला भीती वाटत होती की मी गेले तर ती उठून जाईल.

एकेक माणूस पुढं सरकत होता. नाना मान खाली घालून एकेकाचा हात धरत होते. कोणाला, कधीपासून, घरच्यांना सांगितलं का. मास्तरांना रागवले, मास्तरांनी बायकोला सांगितलं नव्हतं. मग आईचा नंबर आला. तिनं हात पुढं केला. मनगटापर्यंत लाल, सुरणाची खाज उठलेला हात.

“कोणाला?” नाना म्हणाले.

“मला.”

नानांचा हात तिच्या हाताखाली तसाच राहिला. मान खालीच होती. पुढचा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. मग आईच बोलली, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी. “ज्ञानेश झाला तवापासून.”

नानांनी तिची बोटं उलटी केली. नखं कापसासारखी पांढरी. या हातानं रोज दोन वेळा त्यांच्या पुढ्यात भाकरी ठेवली होती. त्यांनी एक बोट बघितलं, मग दुसरं, मग सगळी, जणू एखादं तरी गुलाबी निघेल. मागची माणसं उठून उभी राहिली. कोणाला काही कळत नव्हतं.

“घरच्यांना सांगितलं नाय?” नानांनी विचारलं. आवाज रागवायचा होता, पण रागवणं काही जमलं नाही.

आई म्हणाली, “आता सांगतीय.”

नानांनी मान वर केली. इतक्या वर्षांत त्या दगडावर बसून त्यांनी पहिल्यांदा समोरच्याच्या तोंडाकडं बघितलं असेल. मग मला शोधलं. मी विहिरीच्या कठड्याशी होते. म्हणाले, “प्रतिभा, तुझ्या आईला सांग, चप्पल घाल म्हणावं, दवाखान्यात जायचंय.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अजूनही मलाच? मी तिथूनच ओरडले, “तुम्ही सांगा.”

ते मग उठले, तिला हाताला धरून उठवलं आणि म्हणाले, “लंका, चल.”

सुरणाचे गोळे पानांवर तसेच राहिले. केरूच्या रिक्षातून आम्ही गेलो. पंचवटीतल्या एका दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तपासलं, रक्त तपासलं आणि आमच्यावर उखडल्या. इतक्या कमी रक्तावर ही बाई चालत कशी होती, म्हणाल्या. आधी रक्ताच्या बाटल्या द्याव्या लागतील, मग ऑपरेशन. अजून दोन-तीन महिने उशीर केला असता तर सांगता आलं नसतं. मूळव्याधच आहे, दुसरं काही नाही, हे मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

बाहेर बाकावर नाना माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, “तू रांगेत आली होतीस एकदा. ते हिच्यासाठी होतं?”

“हो.”

“मग सांगायचं नाय का मला?”

आता सांगा, माणसाला राग येईल की नाही? दवाखान्यात होते म्हणून आवाज खाली ठेवला. म्हटलं, “नाना, मी सांगायचं नव्हतं. तुम्ही विचारायचं होतं. सगळ्या नाशिकला विचारता.”

ते आपल्याच हाताच्या नखांकडं बघत बसले.

आत आईला बाटली लावली होती. मी तिच्या डोक्याशी, नाना पायाशी स्टुलावर. पहिली बाटली संपत आली तेव्हा तिच्या ओठांना थोडा रंग आला. तिनं डोळे उघडले आणि मला म्हणाली, “प्रतिभा, नानाला म्हणावं...”

मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला लागले.

नाना स्टूल ओढत तिच्या जवळ आले. “मला सांग,” म्हणाले. “मी हितंच हाय.”

आईनं छताकडं बघितलं. मला वाटलं, ज्ञानेशला कळवा म्हणेल, नाहीतर मोत्याला भाकरी घाला म्हणेल. पण ती म्हणाली, “तुमचा ठेचा मला सोसत नाय. पहिल्यापासनंच सोसत नव्हता.”